टांचेचा कांटा

ज्या दुखण्यांना लोक दुखणें म्हणून मानीतच नाहींत, त्यांत टांचेच्या दुखण्याचा क्रम बराच वरचा लागेल. या दुखण्यानें माणूस अंथरुणाला खिळत नाहीं, त्याला ताप येत नाहीं, आणि त्याच्या समाचाराला कोणी फळें घेऊनही येत नाहीं. सकाळीं उठून पहिलें पाऊल जमिनीला टेकतांच टांचेंत खिळा ठोकल्यासारखी कळ येते. पांच-दहा पावलें लंगडत टाकलीं कीं ती ओसरते. आणि दिवसभर उभें राहिल्यावर संध्याकाळीं ती पुन्हां हजर होते. असे महिने जातात, कधीं वर्षही लोटतें. पाहणाऱ्याला कांहींच दिसत नाहीं, आणि सोसणाऱ्याला मात्र दिवसाचा आरंभच नकोसा होतो.

मुंबईच्या उपनगरांत हें दुखणें घरोघर परिचयाचें आहे. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली, तेव्हां घाटकोपर आणि मुलुंड हीं खेडींच होतीं. पश्चिमेकडील लोहमार्गावर १९२८ सालीं बोरिवलीपर्यंत विजेची गाडी धांवूं लागली आणि अंधेरी-बोरिवलीस राहून शहरांत नोकरी करणें सोयीचें झालें. १९५० सालीं शहराची हद्द अंधेरीपर्यंत आणि १९५७ सालीं दहिसर व मुलुंडपर्यंत वाढली. २०१४ च्या जूनमध्यें वर्सोव्याहून अंधेरीवरून घाटकोपरला जाणारी मेट्रोही सुरू झाली. गाड्या वाढल्या, परंतु घरापासून स्टेशनापर्यंतची चाल, पुलाचे जिने आणि गर्दींत एका पायावर भार देऊन उभें राहणें हीं कांहीं सुटलीं नाहींत.

घरांतील जीवनही याच काळांत पालटलें. पूर्वीं स्वयंपाक जमिनीवर, चुलीपुढें किंवा शेगडीपुढें बसून होत असे. १९५५ च्या सुमारास मुंबईंत सिलिंडरांतून मिळणारा गॅस आला, पुढें ओटे झाले, आणि गृहिणी उभी राहिली. पायांखालीं सारवलेल्या भुईच्या जागीं शहाबादी फरशी, मग मोझेक आणि नंतर चकचकीत लाद्या आल्या. चप्पल दाराबाहेर काढण्याची रीत मात्र तशीच राहिली. सारवलेल्या मातीवर ही रीत पायांना जाचत नव्हती. दगडावर तासन् तास अनवाणी उभें राहणें ही अगदीं निराळी गोष्ट आहे.

असें असलें तरी हें दुखणें शहरानें जन्माला घातलेलें नाहीं. आयुर्वेदानें त्याची नोंद फार पूर्वीं करून ठेविली आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत, वातव्याधींच्या प्रकरणांत, ‘वातकंटक’ या नांवाचा विकार सांगितला आहे. पाऊल वेडेंवांकडें पडल्यामुळें वायु घोट्या-टांचेच्या जागीं आश्रय घेतो आणि वेदना उत्पन्न करतो, असा त्या वर्णनाचा आशय आहे. पुढें वाग्भटानें अष्टांगहृदयांत याच्या जोडीला आणखी एक कारण सांगितलें, तें म्हणजे श्रम. हे दोन्ही ग्रंथ मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यानें छापून प्रसिद्ध केले. आणि सुश्रुतसंहितेचें संपादन वैद्य यादवजी त्रिकमजी आचार्य यांनीं याच नगरींत राहून केलें.

या नोंदींत दोन गोष्टी एकत्र आहेत. एक आहे व्याख्या: पाऊल विषम पडणें आणि पायांना श्रम होणें. दुसरें आहे नांव: कंटक, म्हणजे कांटा. व्याख्या पायाच्या चालीकडे बोट दाखविते, आणि नांव टांचेंत रुतलेल्या एखाद्या वस्तूकडे. पुढील सर्व इतिहास पाहिला, तर वैद्यांनीं आणि रोग्यांनीं बहुधा नांवाचाच पाठपुरावा केला, व्याख्येचा नव्हे, असें दिसतें.

कांटा म्हटला कीं तो काढावा किंवा जाळावा, असें मनांत येणें साहजिक आहे. अकराव्या शतकांतील चक्रपाणिदत्तानें आपल्या चिकित्साग्रंथांत वातकंटकावर वारंवार रक्त काढणें, एरंडेल पिणें आणि तापविलेल्या सुईनें डाग देणें असे उपाय सांगितले आहेत. डाग देण्याचा हा विधि अग्निकर्म या नांवानें आजही कित्येक वैद्य करतात. महाराष्ट्रांतील घरगुती उपचारही याच वळणाचे आहेत. तापलेल्या विटेवर रुईचीं पानें ठेवून त्यांवर टांच शेकणें, बिब्ब्याचें तेल तापवून त्याचा चटका देणें, हे उपाय आजीबाईंच्या बटव्यांतून पिढ्यान् पिढ्या चालत आले. शेकानें बरें वाटतें, हें खरें आहे. पण बिब्ब्यानें कातडीवर फोड येतात, रुईचा चीक डोळ्यांत गेला तर इजा होते, आणि मधुमेहानें पाय बधिर झालेल्या माणसाला चटका बसलेला कळतही नाहीं. याच परंपरेंत एक सौम्य उपायही होता. चरकानें रोज पायांना तेल लावण्याचा आणि पादत्राण घालण्याचा उपदेश केला आहे; घरोघरची कांशाची वाटी आणि तूप हें त्याच उपदेशाचें सुगृहिणीनें जपलेलें रूप. मात्र त्याची गणना दिनचर्येंत होई, औषधांत नव्हे.

पश्चिमेकडेही गोष्ट अशीच घडली. १८९५ सालीं रंटगेननें क्ष-किरणांचा शोध लावला आणि जिवंत माणसाचें हाड डोळ्यांना दिसूं लागलें. टांचेच्या हाडाखालीं कित्येकांना पुढच्या बाजूस वाढलेलें एक लहानसें टोंक आढळलें. १९०० सालीं प्लेटनर नांवाच्या जर्मन डॉक्टरानें त्याला टांचेचा कांटा असेंच नांव दिलें. आयुर्वेदाचा कांटा कल्पनेंतला होता. हा तर काचेवर उमटलेला होता. मग शंका कशाला राहील? शस्त्रवैद्य तो कांटा छिलून काढूं लागले. विसाव्या शतकाच्या आरंभीं कांहीं अमेरिकन शस्त्रवैद्यांनीं त्याचा संबंध परम्याच्या रोगाशीं जोडला, आणि टांच दुखणाऱ्या कित्येक निरपराध माणसांच्या चारित्र्यावर त्यामुळें डाग लागला असेल. इंग्लंडांत याच विकाराला ‘पोलिसाची टांच’ असें नांव पडलें. तें नांव देणारे लोक डॉक्टरांपेक्षां सत्याच्या अधिक जवळ होते, कारण त्यांनीं हाडाकडे न पाहतां दिवसभर रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या माणसाकडे पाहिलें होतें.

पुढें अधिक लोकांचीं क्ष-किरण चित्रें काढण्यांत आलीं, तेव्हां ज्यांची टांच जन्मांत कधीं दुखली नाहीं अशांच्या पायांतही तो कांटा सांपडला. उलट टांचेच्या दुखण्यानें बेजार झालेल्या अनेकांच्या पायांत तो मुळींच नव्हता. म्हणजे कांटा हा बहुधा गुन्हेगार नव्हता, गुन्ह्याच्या जागीं उभा असलेला साक्षीदार होता.

खरें ठिकाण हाडाच्या टोंकाशेजारीं होतें. टांचेच्या हाडापासून बोटांच्या मुळांपर्यंत तळव्याखालून एक जाड, चिवट पट्टी गेलेली असते. धनुष्याला प्रत्यंचा असावी, तशी ती पायाच्या कमानीला असते. १९५४ सालीं हिक्स या इंग्रज शास्त्रज्ञानें दाखविलें कीं, चालतांना बोटें वर वळलीं म्हणजे ही पट्टी रहाटावरच्या दोरासारखी गुंडाळली जाऊन ताणली जाते आणि पाऊल कणखर होतें. प्रत्येक पावलागणिक हा रहाट फिरतो. पाऊल विषम पडलें, पोटरीचे स्नायु आंखडलेले असले, शरीराचें वजन वाढलें किंवा उभें राहणें फार झालें, कीं हा दोर टांचेच्या मुळाशीं झिजतो. २००३ सालीं अमेरिकेंत लेमाँट व त्यांच्या सहकाऱ्यांनीं शस्त्रक्रियेंत काढलेले या पट्टीचे तुकडे तपासले, तेव्हां त्यांत दाहापेक्षां झीजच आढळली. विषम पाऊल आणि श्रम हीं जुन्या ग्रंथकारांनीं सांगितलेलीं कारणें अशा रीतीनें निराळ्या वाटेनें पुन्हां समोर आलीं.

उपायांचा इतिहासही मग वळला. आणि त्यांतील एक वळण भारतांतच, एका अगदीं निराळ्या व्याधीच्या आश्रयानें घडलें. डॉ. पॉल ब्रँड यांचा जन्म १९१४ सालीं तामिळ प्रदेशांतील कोल्ली टेकड्यांत झाला. १९४६ सालीं ते वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयांत शस्त्रवैद्य म्हणून आले आणि कुष्ठरोग्यांच्या हातापायांचा अभ्यास करूं लागले. रोगानें बोटें सडून गळतात, असा तोंवर सर्वत्र समज होता. ब्रँड यांना आढळलें कीं, रोग संवेदना हिरावून घेतो, आणि नंतरचें नुकसान खिळे, खडे, विस्तव व अखंड चालणें यांनीं होतें. ज्या पायाला दुखत नाहीं, तो पाय स्वतःला वांचवूं शकत नाहीं. म्हणून अशा पायांसाठीं सूक्ष्म हवेच्या पोकळ्या असलेल्या मऊ रबराच्या चपला तयार करण्यांत आल्या. हे रबर पायाचा भार सगळ्या तळव्यावर वांटून देतें. वेल्लोरजवळील करिगिरी येथें आणि देशांतील इतर कुष्ठसंस्थांत या चपलेचा प्रसार झाला.

आज अंधेरीच्या किंवा मुलुंडच्या पादत्राणांच्या दुकानांत टांच दुखणाऱ्या गिऱ्हाइकापुढें ‘एम्‌सीआर’ म्हणून जी मऊ चप्पल ठेवितात, ती त्याच रबराची वंशज होय. ज्या रोग्यांना समाजानें दाराबाहेर ठेविलें, त्यांच्यासाठीं शोधलेली वस्तु आज सुखवस्तु घरांतून वापरली जाते, हें त्या घरांना बहुधा ठाऊक नसतें. ही चप्पल घरांतही घालावी असें डॉक्टर सांगतात, तेव्हां जुनीं माणसें क्षणभर अडखळतात. परंतु पूर्वींही घरांत खडावा होत्याच. बाहेरची चप्पल बाहेर आणि घरची निराळी, एवढ्यानें स्वच्छतेची रीतही राखली जाते आणि पायही.

दुसरा उपाय व्यायामाचा. १९५३ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्यानें मुंबईच्या केईएम रुग्णालयांत भौतिकोपचार शिकविणारी शाळा निघाली, आणि औषधाच्या बाटलीवांचून दुखणें हटविणारा हा वैद्यकाचा प्रकार येथें रुजला. टांचेसाठीं सर्वांत साधा व्यायाम २००३ सालीं अमेरिकेंतील एका पाहणींत गुणकारी ठरला. बसून दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर ठेवावा, पायाचीं बोटें हातानें नडगीकडे ओढावीं, दहा आंकडे मोजेपर्यंत धरावीं आणि सोडावीं. असें दहा वेळां, दिवसांतून तीनदां करावें. पहिली खेप सकाळचें पहिलें पाऊल टाकण्यापूर्वीं करावी, कारण रात्रभर आंखडलेली पट्टी अवचित ताणली जाते म्हणूनच ती कळ येते. भिंतीला हात टेकून पोटरी ताणणेंही उपयोगी पडतें. यांत चमत्कार नाहीं. कित्येक आठवडे, प्रसंगीं महिने नेमानें करावें लागतें. पण बहुसंख्य लोक एवढ्यानें वर्षभराच्या आंत बरे होतात.

घाई असलेल्यांसाठीं दुसरे मार्गही निघाले. १९५० नंतर कॉर्टिसोन जातीच्या औषधांचीं इंजेक्शनें आलीं. त्यांनीं कांहीं आठवडे आराम पडतो, परंतु तीं वारंवार घेतल्यास ती पट्टीच तुटण्याचें भय असतें. १९८० सालीं म्यूनिक येथें मुतखडे फोडण्यासाठीं वापरलेल्या ध्वनिलहरी पुढें टांचेसाठींही वापरांत आल्या. शस्त्रक्रिया आतां अगदीं शेवटीं, आणि तीही क्वचितच करतात. सूज, ताप, बधिरपणा किंवा मार लागल्याची खूण असेल, अथवा रोग्याला मधुमेह असेल, तर मात्र घरगुती उपचारांत दिवस न घालवितां डॉक्टरांना दाखवावें.

येथवरच्या इतिहासाचें सार काढलें, तर टांचेला हवी असलेली औषधें तीन निघतात: मऊ आधार, नेमाचा व्यायाम आणि विसांवा. पहिलें विकत मिळतें, दुसरें फुकट मिळतें. तिसरें मात्र सर्वांच्या हातांत नाहीं. ज्याची खुर्ची त्याच्या मागें आहे, त्याला विसांवा घ्या असें सांगणें सोपें आहे. घाटकोपरच्या साडीच्या दुकानांत सकाळपासून रात्रीपर्यंत उभी असलेली मुलगी, बोरिवलीच्या चौकांतला वाहतूक पोलीस, चार घरचीं भांडीं घासून पांचवीकडे लादी पुसणारी बाई यांना तो सल्ला कसा पाळतां यावा?

हा प्रश्न कायद्यालाही सुचला होता. १९४८ च्या कारखाने कायद्यांत उभें राहून काम करणाऱ्या कामगारांसाठीं बसण्याची सोय असावी आणि काम अडत नसेल तेव्हां त्यांना विसांवा घेतां यावा, असें कलम घालण्यांत आलें. दुकानांतील नोकर त्या कायद्याच्या कक्षेबाहेर राहिले. केरळांतील कापडदुकानांत काम करणाऱ्या स्त्रियांनीं त्यासाठीं चळवळ केली, आणि २०१८ सालीं त्या राज्यानें दुकानांतही बसण्याचा हक्क मान्य केला. तामिळनाडूनें २०२१ सालीं तोच मार्ग धरला.

सुईनें डागून, शस्त्रानें छिलून जो कांटा निघाला नाहीं, त्यावर एका साध्या स्टुलाचा उपाय असूं शकतो, हें ध्यानांत यायला फार काळ लागला. टांच दुखते ती पाऊल विषम पडल्यामुळें आणि श्रम झाल्यामुळें, असें जुने वैद्य सांगून गेले. पाऊल नीट पडावें यासाठीं चांगली चप्पल आहे. श्रमांची वांटणी नीट व्हावी, हें काम मात्र चांभाराचें नव्हे, वैद्याचेंही नव्हे. तें ज्या त्या दुकानाच्या, कचेरीच्या आणि घराच्या मालकाचें आहे. आणि त्याचा आरंभ आपल्याकडे काम करणाऱ्या माणसाला ‘जरा बसा’ असें म्हणण्यापासून होतो.