उसण भरल्याची तारीख

फराळाच्या ताटाशेजारी कायद्याचे कलम वाढून ठेवणे कुणाला रुचणार नाही. तरी घाटकोपर, भांडुप, मुलुंड या पट्ट्यातल्या पुष्कळ घरांत आजोबांची कंबर कारखान्यानेच धरलेली आहे; तिचा इतिहास घरच्यांना ठाऊक असावा.

त्याची सुरुवात परळकडे होते. सप्टेंबर 1884 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजारांच्या सह्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनपुढे ठेवला. त्यातली रविवारच्या सुट्टीची मागणी सर्वांना आठवते. तिच्याशेजारीच दुसरी होती: कामावर जबर दुखापत झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्यावा, जन्माचा अपंग झाल्यास पोटापाण्याची सोय करावी. रविवार 1890 मध्ये मिळाला. नुकसानभरपाईचा कायदा मात्र 1923 सालचा, लागू झाला 1 जुलै 1924 रोजी. तोवर लोखंडे प्लेगात जाऊन सत्तावीस वर्षे लोटली होती. आणि मिळाले काय? पहिले दहा दिवस काहीच नाही, पुढे अर्धा पगार, तोही महिना 30 रुपयांच्या आत.

कायद्याला जोडलेले कोष्टक वाचण्यासारखे आहे. अंगठा गेला तर कमाईची शक्ती शेकडा 25 ने घटली असे धरायचे, तर्जनी गेली तर 10 ने. पाठीचा त्यात पत्ताच नाही. तिचे प्रमाण पुराव्याने ठरवायचे. तुटलेले बोट मुकादमाला दिसते, पण गासडी उचलताना भरलेली उसण कुणाला दिसणार? माणूस पाळी पुरी करतो, घरी तेल चोळून घेतो, विटेचा शेक घेतो. चार दिवसांनी उठवेनासे झाले म्हणजे मालक विचारतो, ही आमच्याच इथे भरली कशावरून? घरी हंडा उचलला नव्हता काय?

म्हणूनच त्या कायद्यात सूचनेला एवढे महत्त्व होते. होईल तितक्या लवकर ती लेखी द्यायची: नाव, पत्ता, कारण, तारीख, आणि सारे साध्या भाषेत! (माझ्यातल्या मास्तराला ही अट फार आवडते, आमच्या मुलांना निबंधात ती पाळवत नाही.) दावा मुळात सहा महिन्यांत लावायचा होता, पुढे मुदत वर्षाची आणि मग दोन वर्षांची झाली. सबळ कारण असल्यास कमिशनर उशीर माफही करी.

1948 चा कामगार राज्य विमा कायदा 1954 मध्ये मुंबईत लागू झाला, तेव्हा विम्यातल्या कामगाराचे पैसे मालकाऐवजी महामंडळाकडून येऊ लागले. पुढे मुलुंड, अंधेरी, कांदिवली येथे विम्याची इस्पितळे उभी राहिली. तरी कारखान्यात अपघाताची वही ठेवावीच लागे, आणि तीत उसण भरल्याची तारीख त्याच दिवशी पडलेली बरी असे.