तळटीप ७ : एसवायसीपी-३चे प्रतिपिंड
येथे ‘प्रतिपिंड’ म्हणजे औषध किंवा लस नव्हे. प्रयोगशाळेत विशिष्ट प्रथिन हुडकण्याचे ते साधन आहे. अर्धगुणसूत्री विभाजनात सजातीय गुणसूत्रे एका प्रथिनी चौकटीने जोडीजोडीने घट्ट जुळतात. ही चौकट १९५६ मध्ये माँट्रोज मोझेस यांना क्रेफिशच्या पेशींत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसली. एसवायसीपी-३ हे तिच्या कडांचे प्रथिन. उंदराच्या वृषणातील पेशी काचपट्टीवर पसरून हे प्रतिपिंड लावायचे, मग त्याला चिकटणारे, चमकता रंग जोडलेले दुसरे. योग्य टप्प्यातील पेशीत १९ जोड्या ठसठशीत रेघांसारख्या उजळतात. विसावी, एक्स-वायची जोडी मात्र जेमतेम टोकाशी जुळते. अर्थात चमकले ते सगळे एसवायसीपी-३ नव्हे. हे प्रथिनच नसलेल्या उंदराची पट्टी शेजारी तपासल्याशिवाय अशा छायाचित्रावर विसंबू नये.