सर्वदिश चालन यंत्रणा, स्पर्धा-यंत्रमानवांतील
सर्वदिश चालन यंत्रणा, स्पर्धा-यंत्रमानवांतील : विद्यार्थ्यांच्या स्पर्धांसाठी बनविलेल्या यंत्रमानवास (रोबॉटास) तोंड न वळविता कोणत्याही दिशेस सरकता यावे, म्हणून योजिलेल्या चाकांच्या व चलित्रांच्या (मोटारींच्या) खास रचना. सपाट पृष्ठभागावरील वस्तूस पुढेमागे सरकणे, आडवे सरकणे व स्वतःभोवती फिरणे अशा तीन मुक्तिमात्रा असतात. नेहमीच्या चारचाकी वाहनास कोणत्याही क्षणी त्यांपैकी दोनच उपलब्ध असतात. दोन गाड्यांमधील अरुंद जागेत मोटारगाडी उभी करताना चालकाला जी कसरत करावी लागते, तिचे कारण हेच होय.

या स्पर्धांचा उगम अमेरिकेत मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत १९७० नंतरच्या दशकात वुडी फ्लॉवर्स यांनी घडविलेल्या यंत्ररचनेच्या अभ्यासक्रमात सापडतो. डीन केमेन यांनी १९८९ मध्ये ‘फर्स्ट’ ही संस्था स्थापिली आणि १९९२ मध्ये न्यू हँपशर राज्यातील मँचेस्टर येथे तिची पहिली स्पर्धा २८ संघांत झाली. जपानमध्ये एनएचके या नभोवाणी संस्थेने १९८८ पासून तंत्रविद्यालयांसाठी अशी स्पर्धा सुरू केली होती. तिच्याच धर्तीवर आशिया-पॅसिफिक देशांसाठी ‘एबीयू रोबोकॉन’ २००२ मध्ये टोकिओ येथे प्रथम भरली.

आरंभीच्या बहुतेक संघांनी रणगाड्याप्रमाणे डाव्या व उजव्या बाजूंची चाके वेगवेगळ्या गतींनी फिरवून वळण्याची पद्धत पत्करली. ती स्वस्त व बळकट आहे. मात्र वळताना चाके जमिनीवर आडवी घासतात. सहा चाकांच्या यंत्रात मधली जोडी सु. ३ मिमी. खाली बसवून हे घर्षण कमी करण्यात येते. दोन-तीन मिनिटांच्या सामन्यात वळण्यातच वेळ जातो, ही या पद्धतीची खरी उणीव. तीवरील उपाय मात्र स्पर्धांपूर्वीच शोधले गेले होते. परिघावर लहान रोलर आडवे बसविलेल्या चाकाचे अमेरिकन एकस्व (पेटंट) ग्रॅबोविएकी यांना १९१९ मध्ये मिळाले. असे चाक पुढे रेटते व आडवे मोकळेपणी घरंगळते. अशी तीन चाके एकमेकांशी १२०° कोन करून बसविली की तिन्ही मुक्तिमात्रा हाती येतात.

स्वीडनमधील मेकॅनम कंपनीचे अभियंते बेंग्ट इलॉन यांनी १९७२ च्या सुमारास रोलर ४५° कोनात तिरपे बसविले. प्रत्येक चाकाचा रेटा यामुळे तिरपा पडतो. चारही चाके एका दिशेने फिरविली, तर आडवे घटक परस्परांना छेदतात व यंत्र सरळ जाते. कर्णावरील जोड्या विरुद्ध दिशांनी फिरविल्या, तर पुढचे घटक छेदून यंत्र खेकड्यासारखे बाजूला सरकते. जड माल हलविण्यासाठी काढलेली ही युक्ती विद्यार्थ्यांनी उत्साहाने उचलली. तिची किंमत मात्र मैदानावर कळते. रोलर केवळ स्वतःच्या अक्षाच्या दिशेने जोर देऊ शकतो, म्हणून घर्षणाने मिळू शकणारा पुढचा रेटा साध्या चाकाच्या सु. ७० टक्केच उरतो. प्रतिस्पर्ध्याने बाजूने ढकलल्यास असे यंत्र टिकाव धरण्यापेक्षा सहज ढकलले जाते. शिवाय एक चाक जमिनीवरून उचलले गेले, तरी इतर घटकांचा तोल बिघडून यंत्र भरकटते. यंत्र बनविण्यास अमेरिकन संघांना २०१९ पर्यंत सहाच आठवडे मिळत. तेवढ्यात चालन यंत्रणा फसली, तर वरचा हात कितीही कुशल असला तरी व्यर्थ ठरे.

या पेचातून संकरित रचना जन्मल्या. हवेच्या दाबावर चालणाऱ्या दट्ट्यांनी रोलरची चाके वर उचलून रबरी चाके खाली आणणारी आठ चाकांची यंत्रे निघाली. टेक्सासमधील एका संघाने २०१० मध्ये नऊ चाकांची रचना केली. तीतील नववे चाक केवळ आडव्या सरकण्यासाठी होते. याउलट, प्रत्येक चाक स्वतंत्रपणे फिरविण्याचा व वळविण्याचा मार्ग काही संघांनी १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीसच चोखाळला. त्यात पकड गमवावी लागत नाही, पण चलित्रे आठ लागतात आणि घूर्णीच्या (जायरोस्कोपच्या) साहाय्याने त्यांचा मेळ संगणकाला सतत घालावा लागतो. तयार संच व ब्रशविरहित चलित्रे बाजारात आल्यावर २०२० नंतर ही रचना अमेरिकेत सर्रास झाली. चार संचांस हजार डॉलरांहून अधिक खर्च येतो. त्यामुळे कल्पकतेपेक्षा पैशाला महत्त्व येते, हा आक्षेप निराधार म्हणता येत नाही.

काही वेळा नियमच चाकांचा प्रश्न ठरवितात. चंद्रावतरणाच्या चाळिसाव्या वर्षी, २००९ मध्ये, फर्स्टने निसरडी जमीन व सर्वांना एकाच प्रकारची कमी पकडीची चाके सक्तीची केली. पुणे येथे २००८ व २०१४ मध्ये एबीयू रोबोकॉन भरली. पैकी २००८ चा विषय गोविंदा व दहीहंडी हा होता. उलानबाटर येथील २०१९ च्या स्पर्धेत मंगोल जासूद-टप्प्यांची प्रथा विषय म्हणून घेण्यात आली, आणि दुसऱ्या यंत्रमानवाने घोड्याप्रमाणे चार पायांवरच चालावे असा दंडक घालण्यात आला.