पेटंट अप्लाइड फॉर: ब्लूजच्या आवाजामागचा एक काळा स्टिकर

१९५७ साली अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, कालामाझू नावाच्या गावी, गिब्सन कंपनीच्या कारखान्यात एक इवलासा काळा स्टिकर वापरात आला. त्यावर सोनेरी अक्षरांत तीनच शब्द होते: ‘पेटंट अप्लाइड फॉर’. म्हणजे अर्ज केलाय, पेटंट हातात यायचंय, तोवर नक्कल करू नका. हा स्टिकर इलेक्ट्रिक गिटारच्या पिकअपच्या पोटाला लावलेला असे. स्क्रू काढून पिकअप उपसल्याशिवाय तो कुणाला दिसायचाही नाही. आज तो स्टिकर असलेल्या पिकअपची जोडी काही हजार डॉलर्सना जाते. आत काय असतं म्हणाल तर तांब्याची तार, लोहचुंबक, प्लास्टिकची दोन बॉबिनं आणि वर पत्र्याचं झाकण.

‘ब्लूजसाठी कुठले पिकअप घ्यावेत’ असं तुम्ही कधी फोनवर शोधलं असेल, तर पहिल्या पाच मिनिटांत ‘पीएएफ’ ही अक्षरं तुम्हाला भेटली असतील. ती या स्टिकरचीच आद्याक्षरं. आज बाजारात मिळणारे निम्मे पिकअप ‘आम्ही हुबेहूब तसे’ म्हणून विकले जातात. बाकीचे जुन्या फेंडरसारखे असल्याचं सांगतात. सत्तर वर्षांपूर्वीच्या एका सुट्या भागाला हे देवपण कसं आलं, त्याची ही गोष्ट. तुमचे पैसे खर्च होण्याआधी वाचलेली बरी.

आधी यंत्राचं थोडक्यात. लोहचुंबकाभोवती केसाइतक्या बारीक तारेचे हजारो वेढे असतात. वर गिटारची पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांमध्ये अगदी क्षीण वीज निर्माण होते. मायकेल फॅरडेनं १८३१ साली दाखवलेलं हे तत्त्व आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलंय. ती वीज ॲम्प्लिफायर मोठी करतो. एवढंच! पण हेच वेढे अँटेनाचंही काम करतात. भिंतीतल्या वायरी, ट्यूबलाइट, ट्रान्सफॉर्मर यांची घरघरही ते इमानेइतबारे पकडतात. अमेरिकेत ती ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५० हर्ट्झची. म्हणजे आपली घरघर थोड्या खालच्या सुरातली.

या तत्त्वावरची पहिली यशस्वी गिटार आली १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला. जॉर्ज बोशांप आणि ॲडॉल्फ रिकनबॅकर यांची ‘फ्राइंग पॅन’. नावाप्रमाणे ती तव्यासारखीच दिसते. ती ब्लूजसाठी नव्हतीच. मांडीवर आडवी ठेवून, तारांवर पोलादी कांडी फिरवून हवाईयन संगीत वाजवायला ती केली होती. आपल्याकडे व्हॅन शिपली किंवा सुनील गांगुली यांनी हिंदी सिनेमाची गाणी ज्या इलेक्ट्रिक गिटारवर वाजवली, तिचंही घराणं हेच. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, त्यांना त्या रेकॉर्डी आठवत असतील.

ब्लूजचा आणि विजेचा संबंध जुळला तो गरजेपोटी. मॅकिन्ली मॉर्गनफील्ड ऊर्फ मडी वॉटर्स हा मिसिसिपीमधल्या स्टोव्हॉल मळ्यावर राबणारा माणूस. १९४१ साली ॲलन लोमॅक्स आणि जॉन वर्क तिथे जाऊन, अमेरिकन संसदेच्या ग्रंथालयासाठी, त्याचा आवाज ध्वनिमुद्रित करून आले. तेव्हा त्याच्या हातात साधी अकूस्टिक गिटार होती. १९४३ साली तो शिकागोला गेला. दक्षिणेतला वंशभेद आणि कापसाच्या मळ्यांतली मजुरी मागे टाकून लाखो कृष्णवर्णीय माणसं त्या काळात उत्तरेच्या कारखान्यांकडे निघाली होती, त्यांतलाच हा एक. शिकागोच्या साउथ साइडचे बार म्हणजे दाटीवाटी, दिवसभर राबून आलेली माणसं, ग्लासांचा खणखणाट, मोठमोठ्यानं बोलणं. तिथे अकूस्टिक गिटार ऐकू येणं अशक्य. पुढच्याच वर्षी त्याच्या हाती इलेक्ट्रिक गिटार आली आणि १९४८ सालच्या त्याच्या रेकॉर्डनं दाखवून दिलं, की मळ्यावरचंच गाणं शहराच्या गोंगाटावर मात करून ऐकू येऊ शकतं.

त्या काळातल्या अनेकांकडे खास इलेक्ट्रिक गिटार नव्हतीच. टोलेडो शहरात बनणारे डीआर्माँड कंपनीचे सुटे पिकअप मिळायचे. आहे त्या अकूस्टिक गिटारच्या भोकात ते अडकवायचे की झालं काम. स्लाइड गिटारचा बादशहा एल्मोर जेम्स याचा तो करवतीसारखा आवाज अशाच जुगाडातून आलेला. त्यानं ‘टोन’ निवडला असेल असं मला वाटत नाही. जे परवडलं ते बसवलं, आणि बाकीचं बोटांनी आणि फुल आवाजावर ठेवलेल्या छोट्या ॲम्पनं केलं. गंमत अशी, की आज तोच जुगाड ‘विंटेज’ म्हणून महाग मिळतो.

आता पुन्हा कालामाझूला. गिब्सनकडे १९४६पासून ‘पी-९०’ नावाचा पिकअप होता. एकच कॉइल, साधारण दहा हजार वेढे, आवाज जाड आणि किंचित खरखरीत. दोष एकच: घरघर. सेथ लव्हर हा तिथला इलेक्ट्रॉनिक्सचा माणूस, अमेरिकी नौदलात काम करून आलेला. ॲम्प्लिफायरमध्ये घरघर मारण्यासाठी वापरतात ती युक्ती पिकअपमध्ये का वापरू नये, असा प्रश्न त्याला पडला. त्यानं दोन कॉइल शेजारी शेजारी ठेवल्या. दुसरीची जोडणी उलटी केली आणि तिचा चुंबकीय ध्रुवही उलटा ठेवला. बाहेरून येणारी घरघर दोन्हींत सारखीच शिरते, पण जोडणी उलट असल्यानं एकमेकींना कापते. तारेचा सूर मात्र दोनदा उलटतो, म्हणजे सुलटच होतो आणि बेरजेत जातो. याला नाव पडलं ‘हमबकर’. अर्ज गेला १९५५च्या जूनमध्ये, पेटंट मिळालं १९५९च्या जुलैमध्ये. मधल्या काळासाठी तो काळा स्टिकर. लव्हरच्या मूळ आराखड्यात उंची कमीजास्त करायचे स्क्रू नव्हतेच. विक्री खात्याला गिऱ्हाइकासमोर बोलायला काहीतरी हवं होतं, म्हणून ते आले!

पेटंट मिळाल्यावरही गिब्सननं बरीच वर्षं तोच स्टिकर वापरला. पुढे १९६२च्या सुमारास नवा स्टिकर आला, त्यावर पेटंटचा नंबरही होता. पण तो नंबर या पिकअपचा नव्हताच, लेस पॉल यांच्या तारा अडकवायच्या पट्टीच्या पेटंटचा होता. नक्कल करणाऱ्यांना चकवण्यासाठी हे मुद्दाम केलं, असं म्हणतात. कारकुनी चूक असण्याची शक्यता मला जास्त वाटते.

जुन्या पिकअपचं सगळं गूढ जिथे आहे ती जागा फार साधी आहे. प्रत्येक बॉबिनवर साधारण पाच हजार वेढे घ्यायचे, पण ते काटेकोर मोजले जात नव्हते. बॉबिन भरलं असं वाटलं की मशीन थांबवायचं. त्यामुळे एकाच पिकअपच्या दोन कॉइलसुद्धा सारख्या नसत. चुंबक ॲल्निकोचा, म्हणजे ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट यांच्या मिश्रधातूचा. पण त्याची प्रतही हाताशी जी असेल ती, कधी २ नंबर, कधी ५. म्हणून एक पीएएफ मधाळ लागतो, दुसरा कर्कश, तिसरा अगदीच सुमार. ‘अस्सल पीएएफचा आवाज’ असा एक आवाज नाहीच. आणि तरी तोच विकला जातो.

कॅलिफोर्नियात फेंडरच्या कारखान्यातही वेगळं नव्हतं. तिथे मशीन फिरायचं, पण तार हातानं इकडून तिकडे सरकवावी लागे. अबिगेल इबारा या १९५६ साली तिथे कामाला लागल्या आणि त्यांनी आयुष्यभर पिकअप गुंडाळले. २०१३ साली त्या निवृत्त झाल्या तेव्हा त्यांच्या सहीचे पिकअप मिळावेत म्हणून लोक रांग लावत होते. ज्या कामाला ऐन उमेदीच्या काळात कुणी कला म्हटलं नाही, त्याला म्हातारपणी तरी किंमत आली.

पण मुळात जुन्या गिटारींना भाव कशामुळे आला? १९५८ ते १९६० या काळातली, लालपिवळ्या छटेची गिब्सन लेस पॉल फारशी खपलीच नाही. कंपनीनं ती बंद करून टाकली. तिकडे लंडनमध्ये एरिक क्लॅप्टन हा विशीतला मुलगा फ्रेडी किंग या टेक्सासच्या ब्लूज गिटारवाल्याच्या रेकॉर्डवर लट्टू झाला होता. त्या कव्हरवर फ्रेडीच्या हातात सोनेरी लेस पॉल होती. आपल्यालाही लेस पॉलच हवी म्हणून क्लॅप्टननं एक जुनी मिळवली. फ्रेडीच्या गिटारमध्ये पी-९० होते आणि क्लॅप्टनच्या हाती आलेल्या गिटारमध्ये हमबकर. नक्कल करायला गेला आणि हाती भलतंच लागलं! १९६६ साली जॉन मायॉलच्या ब्लूजब्रेकर्सबरोबर त्यानं ती मार्शल ॲम्पला लावून, स्टुडिओतल्या माणसांच्या कपाळावर आठ्या येतील इतक्या आवाजात वाजवली. त्या एका रेकॉर्डनंतर बंद पडलेल्या गिटारचा भाव चढला आणि १९६८ साली गिब्सनला ती पुन्हा काढावी लागली. क्लॅप्टनची गिटार १९६६मध्येच चोरीला गेली होती. फ्रेडी किंग आणि ओटिस रश यांची गाणी त्या रेकॉर्डवर आहेत. पण ‘ब्लूज टोन’ म्हणून आज जो आवाज विकला जातो, त्याच्या जाहिरातीत या दोघांची नावं क्वचितच दिसतात. हे मला खटकतं.

नव्या गिटारी जुन्यांसारख्या वाजेनात, तेव्हा सुट्या पिकअपचा धंदा उभा राहिला. न्यूयॉर्कच्या लॅरी डिमार्झिओनं १९७२च्या सुमारास ‘सुपर डिस्टॉर्शन’ आणला, सिरॅमिक चुंबकाचा आणि दणदणीत आउटपुटचा. तो रॉकवाल्यांसाठी होता. सेमूर डंकननं १९७६ साली कॅलिफोर्नियात कंपनी काढली आणि जुन्या पिकअपचा बारकाईनं अभ्यास करून तसे नवे बनवायला घेतले. १९९४ साली खुद्द सेथ लव्हरला बोलावून त्यानं मूळ आराखड्याप्रमाणे पिकअप केला. जुन्या पद्धतीनं, मेणात न बुडवता. मोठ्या आवाजात तो शिट्टी मारू शकतो, पण जुनेही मारायचे.

पीटर ग्रीनची गोष्ट सांगायलाच हवी. मायॉलकडे क्लॅप्टनच्या जागी तो आला. त्याच्या १९५९च्या लेस पॉलमध्ये मानेकडच्या पिकअपचा चुंबक उलटा बसलेला होता. दोन्ही पिकअप एकत्र चालू केले की सूर एकमेकांना अर्धवट कापायचे आणि एक पोकळ, नाकातून आल्यासारखा, रडवेला आवाज उरायचा. तांत्रिकदृष्ट्या हा बिघाडच. पण ती गिटार पुढे गॅरी मूरकडे आणि मग मेटालिकाच्या कर्क हॅमेटकडे गेली, आणि तो बिघाड कुणीही दुरुस्त केला नाही.

आता तुमच्या गिटारकडे. पिकअपच्या खोक्यावर किलो-ओहममध्ये आकडा असतो. जुने पीएएफ साधारण ७ ते ९, सुपर डिस्टॉर्शन १३च्या पुढे. आकडा मोठा म्हणजे आवाज चांगला, असं समजू नका. तार आणखी बारीक घेतली तरी तो वाढतो. ब्लूजसाठी आउटपुट बेताचं असलेलं बरं, कारण मग हलकं छेडलं की स्वच्छ आणि जोरात मारलं की फाटका, असा फरक बोटांच्या ताब्यात राहतो. जोरकस पिकअप हा फरक खाऊन टाकतो. ॲल्निको २ मऊ, ॲल्निको ५ खणखणीत. तुमचा ॲम्प आधीच मंद असेल तर ५ घ्या. स्ट्रॅटोकास्टरमध्ये सिंगल कॉइल काढून हमबकर कोंबण्याआधी दोनदा विचार करा. घरघर जाईल, पण तिच्याबरोबर ती काचेसारखी धारही जाईल. घरघर सोसणार असाल आणि गिटारमध्ये जागा असेल, तर माझं मत सरळ पी-९०ला. फ्रेडी किंगकडे तोच होता.

आणि ऑर्डर देण्याआधी एक स्क्रू ड्रायव्हर घ्या. पिकअपच्या दोन्ही टोकांचे स्क्रू फिरवून तो तारांपासून थोडा खाली न्या. स्वस्त गिटारींमध्ये तो बरेचदा फार वर बसवलेला असतो. सिंगल कॉइलचे चुंबक मग तारांना ओढतात आणि सूर डळमळतो. जाड तारांच्या बाजूला थोडा जास्त खाली, बारीक तारांच्या बाजूला थोडा कमी. एकदा पाव फेरा, मग वाजवून पाहा, मग आणखी पाव. नव्या तारा लावा. व्हॉल्यूमचं बटण दहावरून सातवर आणा. आठवडाभर असंच वाजवा. त्यानंतरही पिकअप बदलावासा वाटला, तर फक्त मानेकडचा बदला आणि काढलेला जुना खोक्यात जपून ठेवा.