अर्बुदातील प्रतिकारपेशींचे परस्परसंबंध

कर्करोगाच्या गाठीत (अर्बुदात) शिरलेल्या रोगप्रतिकारक पेशींमधील देवाणघेवाण. गाठ आटोक्यात राहील की फोफावेल, हे बऱ्याच अंशी या देवाणघेवाणीवर ठरते.

पॅरिसमधील जेरोम गालों व फ्रांक पाजेस यांच्या गटाने २००६ मध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगात दाखवून दिले, की टी पेशी कोणत्या, किती दाट आणि नेमक्या कुठे आहेत यावरून रुग्णाचे पुढे काय होईल याचा चांगला अंदाज येतो. रंगवलेल्या काचपट्टीवर हा फरक सूक्ष्मदर्शकातून पाहताच कळतो. एका गाठीत टी पेशींचे तपकिरी ठिपके थेट कर्कपेशींच्या घोळक्यात घुसलेले असतात. दुसरीत ते कडेच्या तंतुमय पट्ट्यात अडून राहतात आणि गाभा कोरा दिसतो. तिसरीत ठिपका शोधावा लागतो.

प्रतिकाराची सुरुवात मारक टी पेशींपासून होत नाही. नैसर्गिक मारक पेशी रासायनिक हाक देऊन डेंड्रायटिक पेशींना गाठीत बोलावतात. फांद्याफांद्यांच्या या पेशी मेलेल्या कर्कपेशींचे तुकडे उचलतात, जवळच्या लसिका ग्रंथीत नेतात आणि टी पेशींना ओळख पटवतात. सज्ज झालेल्या टी पेशी गाठीत आल्या तरी काम संपत नाही. तिथेही त्यांना डेंड्रायटिक पेशींकडून पुन्हा बळ मिळावे लागते. उंदरांवरील २०२४ च्या एका संशोधनात, सहायक टी पेशी आणि मारक टी पेशी एकाच डेंड्रायटिक पेशीला एकाच वेळी बिलगल्या तरच घन गाठी नष्ट झाल्या. म्हणून नुसती शिरगणती अपुरी आहे. कोण कोणाशेजारी आहे हे पाहावेच लागते.

हीच यंत्रणा उलटतेही. मारक पेशी सोडत असलेल्या गॅमा इंटरफेरॉनमुळे कर्कपेशी आपल्या पृष्ठभागावर पीडी-एल१ हे प्रथिन वाढवतात. ते टी पेशींवरील पीडी-१ या ग्राहीला भिडले की हल्ला मंदावतो. नियामक टी पेशी आणि गाठीने आपल्या बाजूला वळवलेल्या भक्षक पेशी (मॅक्रोफेज) त्यात भर घालतात. असे अडसर काढण्याच्या शोधासाठी जेम्स ॲलिसन व तासुकू होंजो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र गाठीत टी पेशीच नसतील, तर अडसर काढून फारसे हाती लागत नाही.

असे अडसर काढणारी औषधे अतिशय महाग आहेत, आणि तंबाखूमुळे होणारे तोंडाचे कर्करोग आपल्याकडे मुख्यतः गरिबांच्या वाट्याला येतात. त्यामुळे मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील चाचणी मोलाची ठरते. डोके व मानेच्या (यात तोंडही येते) वाढलेल्या कर्करोगात तिथे स्वस्त गोळ्यांच्या जोडीला पीडी-१ रोखणारे निवोलुमॅब दर तीन आठवड्यांनी अवघे २० मिलिग्रॅम देण्यात आले. प्रचलित मात्रा दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, वर्षभरानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण केवळ गोळ्या घेणाऱ्यांत सुमारे १६ टक्के, तर निवोलुमॅबही मिळालेल्यांत सुमारे ४३ टक्के होते.