सचिवांचं डोंगरी राज्य आणि आपल्या सह्या

जगाच्या नकाशावर काही देश इतके लहान आहेत की बोट ठेवलं तर बोटाखाली झाकून जातात. युरोपात अँडोरा नावाचा असाच एक डोंगरी देश आहे. त्याचं क्षेत्रफळ ४६८ चौरस किलोमीटर. लिख्टेनश्टाइन त्याहून लहान, फक्त १६० चौरस किलोमीटर. चहूबाजूंनी डोंगर, मधे खोरी, थोडी शेती, गुरं आणि आपापली रीतभात. अशा देशांची माहिती वाचली की आपल्याला नवल वाटतं. पण असंच एक डोंगरी राज्य आपल्या पायाखाली होतं, ते या दोघांपेक्षा मोठं होतं आणि ते संपून शंभर वर्षंसुद्धा झालेली नाहीत. ते म्हणजे भोर संस्थान. आज आम्ही त्याचीच गोष्ट सांगणार आहोत.

इंग्रजांच्या काळातल्या नोंदीप्रमाणे भोर संस्थानाचं क्षेत्रफळ होतं ९२५ चौरस मैल, म्हणजे सुमारे २,४०० चौरस किलोमीटर. अँडोराच्या पाचपट. १९०१ सालच्या शिरगणतीत इथे १,३७,२६८ माणसं मोजली गेली. राजाला नऊ तोफांच्या सलामीचा मान होता. राज्याचे तालुके होते पाच: विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवन मावळ आणि सुधागड. नावं पाहा, पाचांतली चार गडांची आहेत. विचित्रगड म्हणजे आपला रोहिडा. प्रचंडगड म्हणजे तोरणा. सुधागड तर घाटाखाली, कोकणात. अष्टविनायकांतला पालीचा बल्लाळेश्वर याच संस्थानात होता. म्हणजे वर नाचणीची भाकरी आणि खाली नारळाची वाडी, असं देश आणि कोकण जोडून घेतलेलं हे राज्य होतं. मधली दारं म्हणजे घाटवाटा. भोरहून महाडला उतरणारा वरंधा घाट आणि वेल्ह्याकडचा मढे घाट आजही आपल्याला ठाऊक आहेत.

अलीकडे वेल्हे तालुक्याचं नाव राजगड तालुका झालं, तेव्हा बऱ्याच जणींना ते नवीन वाटलं. पण राजगड नावाचा तालुका संस्थानाच्या दप्तरात आधीपासून होता. नाव परत आलं, एवढंच.

संस्थानाच्याही आधी हा मुलूख मावळ म्हणून ओळखला जात होता. सूर्य मावळतो त्या दिशेचा, म्हणून मावळ. इथे प्रत्येक नदीचं एक खोरं, आणि नदीवरूनच बहुतेक खोऱ्यांची नावं. गुंजवणीचं गुंजण मावळ, कानंदीचं कानद खोरं, वेळवंडीचं वेळवंड खोरं, मोसे नदीचं मोसे खोरं. नीरेच्या वरच्या अंगाला हिरडस मावळ. प्रत्येक खोऱ्याचा देशमुख वेगळा. रोहिड खोऱ्यात कारीचे जेधे, हिरडस मावळात बांदल, गुंजण मावळात शिळिमकर, मोसे खोऱ्यात पासलकर. एका खोऱ्यातून दुसऱ्यात जायचं तर खिंड चढावी लागायची, म्हणून प्रत्येक खोरं म्हणजे जवळजवळ एक वेगळं घरच होतं. वतनावरून भांडणंही खूप व्हायची. या वेगवेगळ्या घरांना एका कामाला लावलं ते शिवाजी महाराजांनी. रायरेश्वराच्या देवळात १६४५ साली स्वराज्याची शपथ घेतली गेली, असं परंपरा सांगते. १६६० साली घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे लढले, त्यांच्याबरोबर उभे राहिले ते याच हिरडस मावळातले बांदल मावळे.

राजगड ही स्वराज्याची पहिली राजधानी. पाव शतकाहून थोडा जास्त काळ कारभार तिथून चालला. आग्र्याहून सुटल्यावर महाराज १६६६ साली परत आले ते राजगडावरच. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यांत आपला राजगड आहे. पण गडावर गेल्यावर आपण तलवारींच्या गोष्टी ऐकतो आणि उतरतो. गड हे घरही होतं, हे विसरतो. जिजाऊसाहेब तिथे राहिल्या. संभाजीराजांच्या आई सईबाई ५ सप्टेंबर १६५९ रोजी राजगडावरच गेल्या. त्या वेळी शंभूराजे अवघे दोन वर्षांचे होते. त्यांची समाधी गडावर आहे. पुढच्या वेळी गड चढाल तेव्हा तिथे जरूर थांबा. राजाराम महाराजांचा जन्मही १६७० साली याच गडावरचा.

आता सचिवांकडे येऊ. आपल्या प्रत्येक बचत गटात अध्यक्ष असते, सचिव असते. सचिव काय करते? इतिवृत्त लिहिते, नोंदवही सांभाळते, कोणाचं किती जमा आणि कोणाला किती कर्ज ते पाहते. हा शब्द आपल्याकडे फार जुना आहे. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत सचिव हे एक पद होतं. राजाच्या नावाने निघणारं प्रत्येक पत्र नीट वाचायचं, त्यातली चूक दुरुस्त करायची आणि महाल-परगण्यांचे हिशेब तपासायचे, हे त्यांचं काम. सचिवांनी पाहिल्याशिवाय कागद पुरा होत नसे. भोरचं राज्य या पदातून जन्माला आलं. तिथल्या राजांना शेवटपर्यंत पंतसचिव म्हणत, ते यामुळेच.

पहिले पुरुष शंकराजी नारायण. राजाराम महाराज जिंजीला होते आणि इकडे मोगलांनी गडामागून गड घेतले होते, त्या अवघड दिवसांत शंकराजींनी मावळातली माणसं गोळा करून बरेच गड परत मिळवले. १६९७ साली त्यांना सचिवपद मिळालं. त्यांच्या ताब्यातला डोंगरी मुलूख म्हणजेच पुढचं भोर संस्थान.

मग १७०७ साल उजाडलं. औरंगजेब मेला, शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि मराठ्यांच्या घरात दोन बाजू पडल्या. एकीकडे ताराराणी, दुसरीकडे शाहू. शंकराजींनी ताराराणींशी इमान राखण्याची शपथ घेतली होती, आणि शाहूंविरुद्ध शस्त्र धरणंही त्यांना पटेना. या कोंडीत त्यांनी आंबवडे इथे जलसमाधी घेतली, असं सांगतात. आंबवड्याला नागेश्वराच्या देवळाजवळ त्यांची समाधी आहे.

मागे राहिली त्यांची बायको येसूबाई आणि लहानगा मुलगा नारो शंकर. या येसूबाई म्हणजे संभाजी महाराजांच्या राणीसाहेब नव्हेत, नाव तेवढं सारखं. शाहू महाराजांनी सचिवपद मुलाला दिलं, पण मूल ते मूल. नवरा गेलेला, पदरात पोर, भोवती गड आणि त्या गडांवर डोळा ठेवून बसलेले सरदार. अशा वेळी राज्य सांभाळायचं आईलाच होतं. पुढे दमाजी थोरात नावाच्या बंडखोर सरदाराने नारो शंकरला पकडून कैदेत टाकलं. बाळाजी विश्वनाथांनी खटपट करून मुलाची सुटका केली. तेव्हा येसूबाईंनी एक मोठा निर्णय घेतला. पुणे प्रांतातले सचिवांचे हक्क आणि पुरंदर किल्ला त्यांनी बाळाजी विश्वनाथांना दिला. उपकाराची फेड तर होतीच, पण पुढेही या घराने आपल्या पाठीशी राहावं, हा हिशेबही त्यात होता.

पेशव्यांचं पुण्यात बस्तान बसलं, त्याच्या मुळाशी हे एक देणं आहे. पुढे १७७४ साली सवाई माधवराव जन्मले ते पुरंदरावरच. शाळेच्या पुस्तकात पेशव्यांचा धडा असतो, पण ज्या बाईने तो किल्ला दिला तिचं नाव आपल्यापैकी किती जणींनी ऐकलं होतं? आणि दुसरी गोष्ट पाहा. एक किल्ला देऊन तिने बाकीचा मुलूख राखला. काय द्यायचं, कोणाला द्यायचं आणि कशासाठी, हे तिने जाणून ठरवलं. म्हणून नंतर दोनशेहून अधिक वर्षं ते राज्य टिकलं.

पेशवाई बुडाली, १८४८ साली सातारचं राज्य खालसा झालं, पण भोर राहिलं, इंग्रजांच्या छत्राखाली का होईना. नीरेकाठचं भोर ही राजधानी. तिथला राजवाडा १८६९ सालचा. आता त्यात चित्रपटांचं चित्रीकरण चालतं. वाड्यातला रामनवमीचा उत्सव मात्र अजून गावाचा आहे. वेल्ह्याची मेंगाई, राजगडाची पद्मावती, रायरेश्वराचा महादेव, हे या मुलखाचे राखणदार.

पण खरी संस्कृती शेताच्या बांधावर पाहायला मिळते. उतारावर नाचणी आणि वरई, खाचरात भात. उन्हाळ्यात पालापाचोळा, शेण, फांद्या पसरून राब भाजायचा, त्या जागी रोप टाकायचं आणि पावसात इरलं घेऊन चिखलात वाकून लावणी करायची. आपल्या आंबेमोहोराचा वास घरभर सुटतो, त्यामागे ही कंबर मोडणारी मेहनत आहे. त्यातली लावणी तर बहुतेक बायकांचीच. उतार फोडून, दगडांच्या ताली रचून ही खाचरं पिढ्यांमागून पिढ्यांनी तयार केली. गड बांधणाऱ्यांची नावं निदान सांगितली जातात. ताली रचणाऱ्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत.

डोंगरी मुलखाची दुसरी दौलत पाणी. ते इंग्रजांनी बरोबर ओळखलं. वेळवंडी नदीवर भाटघरला आधी एक धरण झालं, मग १९२८ साली त्याहून मोठं लॉईड धरण पूर्ण झालं. धरण भोर संस्थानात, पण पाणी नीरेच्या कालव्यांनी खाली दुष्काळी भागात गेलं आणि तिकडे ऊस उभा राहिला. आपल्याकडची खोऱ्यातली सपाट जमीन पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात पाणी खूप उतरलं की कांबऱ्याचं जुनं देऊळ उघडं पडतं आणि लोक ते पाहायला गर्दी करतात. पुढे वेल्ह्यात पानशेत आणि वरसगाव ही धरणं झाली, त्यांचं पाणी पुणे शहर पितं. धरणं नकोत असं आम्ही म्हणत नाही. पण ज्या डोंगरात एवढा पाऊस पडतो, त्याच डोंगरातल्या वाडीवर मे महिन्यात बाई हंडा घेऊन झऱ्यावर नंबर लावते, हेही या इतिहासाचंच पान आहे.

८ मार्च १९४८ रोजी भोर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. घाटावरचा मुलूख पुणे जिल्ह्यात आला, सुधागड कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यात गेला. ८ मार्चला आपण महिला दिन करतो. त्या दिवशी एवढं आठवायला हरकत नाही की आपले आजेसासरे, पणजेसासरे एका राजाचे रयत म्हणून झोपले आणि त्यानंतर नागरिक झाले. थोड्याच वर्षांत, १९५१-५२ च्या निवडणुकीत, आपल्या आज्यांनाही पुरुषांबरोबर मताचा हक्क मिळाला.

राजाचं राज्य गेलं, जमीन राहिली. आता त्या जमिनीवर नवे डोळे आहेत. पुणे जवळ आलं, रस्ते झाले, आणि ज्या उतारावर नाचणीसुद्धा धड पिकत नव्हती त्याला गिऱ्हाईक यायला लागलं. घरोघरी सौदे होतात. सौद्याआधी आठवण होते ती सासरी गेलेल्या बहिणींची. "ताई, एक सही पाहिजे, हक्कसोड करून दे." ताई येते, जेवते, साडी घेते, सही करते आणि संध्याकाळच्या एसटीने परत जाते. आम्ही गटांच्या बैठकांना फिरतो, तेव्हा अशा सहीची गोष्ट सांगणारी एखादी तरी भेटतेच. कागदात काय लिहिलं होतं, हे बहुतेकींनी वाचलेलं नसतं.

कायदा काय सांगतो ते ऐका. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली आणि वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की हा हक्क जन्माने आहे, वडील २००५ च्या आधी गेले असले तरीही. हक्क सोडायचा की नाही, हे त्या बाईने ठरवायचं. भावाचं खरंच अडलेलं असेल आणि तिला मनापासून द्यायचं असेल, तर ती देईल. पण देणं वेगळं आणि न वाचता सही करणं वेगळं. फेरफाराची नोंद होताना ज्यांचा संबंध आहे त्यांना नोटीस येते आणि हरकत घ्यायला पंधरा दिवस मिळतात. ती नोटीस कपाटात ठेवायची नसते.

येसूबाईंनी पुरंदर दिला तो डोळे उघडे ठेवून दिला. त्या सचिवांच्या घरातल्या होत्या, कागदाची किंमत त्यांना माहीत होती. आज आपल्या गटातही सचिव आहे. कर्जाचा हप्ता आणि बचत ती पैशापैशाने लिहिते. पाच रुपयांचा फरक आला तर बैठक उठू देत नाही. मग जमिनीच्या कागदाला ती नजर का लावायची नाही?

म्हणून पुढच्या बैठकीला एक काम करा. प्रत्येकीने आपल्या सासरचा आणि माहेरचा सातबारा आणि आठ अ आणायचा. गावाच्या तलाठ्याकडे मिळतो, मोबाइलवरही पाहता येतो. गटातली जी मुलगी कॉलेजला जाते तिला मोठ्याने वाचायला सांगा. कोणाचं नाव आहे, कोणाचं नाही, कोणाचं होतं आणि कधी कमी झालं, ते वहीत लिहून ठेवा. आपल्या डोंगरी राज्याचा कारभार असाच चालत होता, आधी वाचायचं, तपासायचं आणि मग शिक्का. तुमच्या गटात काय निघालं ते आम्हाला जरूर कळवा.