खिडकीच्या चौकटीभोवतीच्या फटी कशा बुजवाव्यात?

पावसाळ्यात खिडकीखालच्या भिंतीवर ओल येते, रंगाचे पोपडे सुटतात, पुढे बुरशी धरते. अनेकदा तावदाने धड असतात आणि पाणी शिरते ते चौकट व भिंत यांच्यामधल्या फटीतून. मुंबई-कोकणात पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो, तेव्हा बारीकशी फटही पुरते. ती बुजवताना एक गोष्ट लक्षात ठेवावी: पाण्याची आत येण्याची वाट बंद करायची, पण बाहेर जाण्याची वाट मोकळी ठेवायची.

सिमेंट का टिकत नाही?

अ‍ॅल्युमिनिअम उष्णतेने काँक्रीटच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. दीड मीटर लांबीची चौकट २० अंश सेल्सिअसने तापली, तर ती सुमारे ०.७ मिलिमीटरने वाढते. भिंत तेवढी वाढत नाही. ही हालचाल रोज होते आणि सिमेंट ताणले जात नाही. म्हणून पांढरे सिमेंट भरूनही पुढच्या पावसाळ्यापर्यंत तिथेच चीर पडते. लाकडी चौकटही पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. अशा फटीत रबरासारखे ताणले जाणारे सीलंटच हवे.

कोणते सीलंट घ्यावे?

बाहेरच्या बाजूसाठी ‘न्यूट्रल’ सिलिकॉन घ्यावे. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन आम्लधर्मी असते. सिमेंट आणि संगमरवरावर ते नीट धरत नाही. साध्या सिलिकॉनवर रंग बसत नाही. रंग द्यायचा असेल तर पॉलियुरेथेन सीलंट वापरावे. अ‍ॅक्रिलिक सीलंट आतल्या बाजूच्या बारीक चिरांपुरते ठीक.

काम कसे करावे?

१. जुने सीलंट आणि सुटलेला माल कटरने पूर्ण काढावा. जुन्या सिलिकॉनवर नवे चिकटत नाही.

२. धूळ झाडून फट कोरडी होऊ द्यावी. हे काम एप्रिल-मे महिन्यांत, सकाळी ऊन तापण्याआधी करणे सोयीचे.

३. फट खोल असेल तर आधी फोमची गोल दोरी दाबून बसवावी. दुकानात तिला बॅकर रॉड म्हणतात. ती फटीपेक्षा थोडी जाड असावी. तिच्यामुळे सीलंट कमी लागते. शिवाय ते फक्त चौकट आणि भिंत या दोन बाजूंना चिकटते, तळाला नाही, त्यामुळे मोकळेपणाने ताणले जाते.

४. सीलंटची खोली रुंदीच्या साधारण निम्मी ठेवावी. फट १२ मिलिमीटर रुंद असेल तर ६ मिलिमीटर पुरे.

५. दोन्ही कडांना मास्किंग टेप लावून गनने सलग धार सोडावी, पट्टीने दाबून सारखी करावी आणि साय धरण्याआधी टेप काढावी. निदान एक दिवस पाणी लागू देऊ नये.

ही छिद्रे बुजवू नका

सरकत्या खिडकीच्या खालच्या ट्रॅकला बाहेरून लहान छिद्रे असतात. ट्रॅकमध्ये साचलेले पाणी त्यांतून बाहेर पडते. ‘गळती नको’ म्हणून तीही बुजवली तर ट्रॅक भरतो आणि पाणी घरात उतरते. पावसाआधी ती बारीक तारेने साफ करावीत. खिडकीखालच्या दगडी पट्टीचा उतार बाहेरच्या बाजूला आहे ना, हेही पाहावे.

तपासणी

सीलंट वाळल्यावर नळीने खिडकीच्या खालच्या कडेपासून हळूहळू वर पाणी मारावे आणि एकाने आत लक्ष ठेवावे. कोणत्या उंचीवर पाणी दिसू लागते त्यावरून गळतीची जागा कळते. खिडकीभोवती सारे ठीक असूनही ओल येत असेल, तर वरचा छज्जा आणि भिंत यांच्या सांध्यातली भेग तपासावी.

वरच्या मजल्यावर खिडकीत उभे राहून किंवा बाहेर वाकून हे काम कधीही करू नये. पराची बांधून किंवा सुरक्षा दोर लावून काम करणाऱ्या प्रशिक्षित कारागिरालाच बोलवावे. गृहनिर्माण संस्थेत राहत असाल तर बाहेरच्या भिंतीला हात लावण्याआधी संस्थेला कळवावे.